न बोलणारा कोश

मुक्ताई तांदळे चिडकी आहे, असं तिच्या कॉलेजात सगळे म्हणत. ती चिडकी होती हे खरंच. पण कशामुळे चिडते, हे विचारायच्या फंदात सहसा कोणी पडत नसे. आंधळी मुलगी, त्यात पीएच.डी. करतेय, त्यात विषय तत्त्वज्ञान, म्हणजे डोकं तापणारच, असा एक सोयीचा समज होता आणि त्यावर सगळ्यांचं भागत होतं.

मुक्ताई मूळची केज तालुक्यातली. पाचव्या वर्षी गोवर झाला आणि त्यात डोळे गेले. पुढे वडील, उत्तरेश्वर, कात्रजला डेअरीत कामाला लागले. आई सुंदराबाई आणि मुलगी पाठोपाठ पुण्यात आल्या. अंध मुलींच्या शाळेत मुक्ताई ब्रेल शिकली आणि हाताला येईल ते वाचत सुटली. शाळा संपली आणि ब्रेलमधली पुस्तकंही संपली. बी.ए.ला लागणारं एकही पुस्तक तिच्या बोटांना वाचता येईना. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या आवाजावर शिकू लागली.

वाचून दाखवायला नाना तऱ्हेची माणसं आली. कोणी मध्येच जांभया देत, कोणी बातम्या दिल्यासारखं वाचत, कोणी प्रत्येक वाक्यानंतर "समजलं का?" विचारत. एक मुलगी महिनाभर आली आणि वाचण्यापेक्षा जास्त वेळ फोनवर बोलली. मुक्ताईनं कुणालाच काही म्हटलं नाही. माणूस स्वतःचा वेळ फुकट देतो तेव्हा त्याला नावं कशी ठेवायची?

टिकल्या त्या एकट्या नीरजाकाकू. नीरजा गद्रे बँकेतून निवृत्त झालेल्या, सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत. मंगळवारी आणि शुक्रवारी मुक्ताई कॉलेजातून चालत त्यांच्याकडे जाई. आधी चहा, मग वाचन. काकूंचा आवाज स्वच्छ, इंग्रजी ठसठशीत. फक्त एक होतं. पानाखाली टीप आली की काकू म्हणत, "तळटीप आहे, सोडते," आणि पुढे जात. बी.ए. झालं, एम.ए. झालं, काकूंनी शेकडो पानं वाचली आणि शेकडो तळटिपा सोडल्या. त्यांत काय असतं हे मुक्ताईला एम.ए. होईपर्यंत नीटसं माहीतही नव्हतं. पीएच.डी.ला नाव घातल्यावर मार्गदर्शक बाईंनी तिचं पहिलं टिपण परत दिलं आणि म्हणाल्या, "हे कुठून घेतलंस? मूळ संदर्भ कुठे आहेत?" ते सगळे तळटिपांमध्ये होते.

तिचा विषय होता शब्दप्रमाण. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून आपल्याला कळलं, तर ते कळणं खरं ज्ञान मानायचं का, असा तो जुना वाद. विषय का निवडला असं कोणी विचारलं की ती म्हणे, "माझा त्यातला अनुभव दांडगा आहे."

दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत कॉलेजच्या ग्रंथालयात ऑनलाइन संदर्भसंग्रह आला. तत्त्वज्ञान, इतिहास, धर्म, भाषा अशा विषयांचे मोठमोठे कोश, परदेशातल्या विद्यापीठांमधल्या अभ्यासकांनी लिहिलेले, सगळे एका साइटवर. कॉलेजनं वर्षाची वर्गणी भरायची आणि ग्रंथालयाच्या आवारातल्या संगणकांवर ते वाचायचे. बाहेरून उघडत नसत.

ग्रंथपाल गोपाळकृष्ण सोहोनी यांनी मुक्ताईला जिन्यावरच गाठलं.

"तांदळे, वर या. तुमच्या कामाचं काहीतरी आलंय. बाकी कुणाच्या कामाचं दिसत नाही. महिना झाला, विचारायलासुद्धा कोणी फिरकलेलं नाही."

मुक्ताईकडे एका संस्थेनं दिलेला लॅपटॉप होता आणि त्यात पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. सोहोनी सरांनी ग्रंथालयाच्या इंटरनेटची तार त्याला जोडून दिली आणि ते आपल्या टेबलाकडे गेले. मुक्ताईनं हेडफोन लावला, शब्द टाइप केला आणि एंटर दाबलं. एक अमेरिकन पुरुषी आवाज न अडखळता नोंद वाचू लागला. शीर्षक, उपशीर्षक, परिच्छेद. तिनं एक कळ दाबली की पुढचं शीर्षक, दुसरी दाबली की मागचं वाक्य पुन्हा. आणि मग आवाज म्हणाला, "नोट वन". तो सोडून गेला नाही. त्यानं टीप वाचली. दुसरी वाचली. तिसरीत न्यायदर्शनातल्या जुन्या नैयायिकांचा उल्लेख होता. तिथून दुसऱ्या नोंदीकडे जायची वाट होती, ती तिकडे गेली. तिथून तिसरीकडे. मध्येच तिला एक शब्द अडला, तर त्याच साइटवरच्या शब्दकोशात तिनं तो स्वतःच शोधला आणि परत आली.

आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणालाही न विचारता काहीतरी शोधत होती. चुकीच्या नोंदीत शिरली तरी कुणाचा वेळ वाया जात नव्हता. कंटाळवाणी नोंद अर्ध्यात सोडली तरी कुणाला वाईट वाटत नव्हतं. डबा तसाच राहिला. संध्याकाळी शिपाई पोपटराव पंखे बंद करत आले आणि म्हणाले, "मॅडम, आता उठा. सरांनी तुमच्यासाठी आधीच उशीर केलाय."

पुढच्या मंगळवारी ती काकूंकडे गेली तेव्हा आनंद तिच्या पोटात मावत नव्हता. दारातच म्हणाली, "काकू, आता तुम्हाला त्रास नाही. सगळं मशीनच वाचतं. टिपांसकट."

काकू म्हणाल्या, "बरं झालं की." मग कपबशा आत नेल्याचा आवाज आला. त्या दिवशी चहा झाला, वाचन झालं नाही. स्वारगेटला बस बदलताना मुक्ताईला वाटलं, आपण हे जरा वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं. पण तोवर कात्रजची बस आली आणि ती चढली.

त्यानंतरचं वर्ष तिच्या अभ्यासाचं सर्वांत चांगलं वर्ष. प्रबंधाची तीन प्रकरणं झाली. मार्गदर्शक बाईंनी पहिल्यांदाच टिपण परत दिलं नाही. मुक्ताई या काळात फारशी चिडल्याचं कुणाला आठवत नाही.

जून दोन हजार तेरामध्ये, सुट्टीनंतर कॉलेज उघडल्यावर, ती नेहमीच्या जागेवर बसली. साइट उघडली. नोंद शोधली. हेडफोनमधला आवाज म्हणाला, "ग्राफिक."

तिनं खालचा बाण दाबला. "ग्राफिक." आणखी खाली. "ग्राफिक." मग, "ब्लँक."

लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. दुसरी नोंद उघडली. तेच. शेवटी तिनं सोहोनी सरांना हाक मारली.

सर चष्मा पुसत आले. "अहो, सुंदर दिसतंय की. साइटचं नवं रूप आलंय. अगदी छापील पुस्तकासारखी पानं."

"मजकूर दिसतो तुम्हाला?"

"स्वच्छ. टिपासुद्धा."

"मला काहीच नाही सर. माझं सॉफ्टवेअर म्हणतं, चित्र आहे."

सरांनी थोडी खटपट केली आणि मग त्यांच्या लक्षात आलं. कुणी मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवू नये म्हणून कंपनीनं प्रत्येक पानाचा फोटोच ठेवला होता. ज्यांना डोळे होते त्यांना काही फरक पडला नव्हता. उलट अक्षर मोठं झालं होतं. मुक्ताईच्या सॉफ्टवेअरला मात्र फोटोतलं अक्षर वाचता येत नव्हतं. तिच्यासाठी सगळेच्या सगळे कोश एका सुट्टीत कोरे झाले होते.

सोहोनी सरांनी त्याच दिवशी कंपनीला मेल केली. आठवड्यानं कर्वे रस्त्यावरच्या एजंटच्या ऑफिसातून आमोद नावाचा विक्री प्रतिनिधी आला. पंचविशीचा असावा, बोलणं भरभर, अंगाला सेंटचा वास.

"मॅम, डोंट वरी. आमचा प्लॅटफॉर्म फुल्ली अ‍ॅक्सेसिबल आहे. ट्वेंटी फोर बाय सेव्हन."

"कुणाला?"

"एनीवन, मॅम. कॅम्पसमध्ये कुठूनही."

"मी कॅम्पसमध्येच बसलेय. मला वाचता येत नाही."

"लॉगिनचा इश्यू आहे का?"

मुक्ताईनं हेडफोन काढून त्याच्या हातात दिला. "लावा. आणि डोळे मिटून मला या नोंदीतली पहिली ओळ सांगा."

आमोदनं हेडफोन लावला. दोन-तीनदा बाण दाबून पाहिला. मग त्यानं हेडफोन हळूच टेबलावर ठेवला. "सॉरी मॅम," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचं बोलणं भरभर नव्हतं. "हे मला माहीतच नव्हतं. मी तिकीट रेझ करतो."

तिकीट म्हणजे तक्रार. ती परदेशातल्या कुठल्याशा सेवाकेंद्रात गेली आणि तिथून उत्तरं येऊ लागली. पहिल्या उत्तरात मुक्ताईला 'मिस्टर तांदळे' म्हटलं होतं आणि ब्राउझर बदलून पाहायला सांगितलं होतं. तिनं बदलून पाहिला. दुसऱ्या उत्तरात लिहिलं होतं की कोणतं बटण दाबायचं ते सोबतच्या चित्रात लाल वर्तुळ करून दाखवलं आहे.

सोहोनी सरांनी चित्र उघडून पाहिलं. "वर्तुळ छान काढलंय हो," ते म्हणाले. "हात स्थिर आहे माणसाचा."

"बटण काय आहे?"

"अक्षर मोठं करायचं."

मुक्ताई हसली, सरही हसले. मग तिचं हसू थांबलं आणि तिला एकदम रडू फुटेल असं वाटलं, म्हणून ती हात धुवायच्या निमित्तानं बाहेर गेली.

तिनं पुन्हा लिहिलं. आपण पाहू शकत नाही हे साध्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत लिहिलं. उत्तर आलं नाही. आमोदला फोन केला तर तो म्हणे, "मॅम, मी रोज फॉलोअप करतोय. वरून रिप्लाय नाही." ऑगस्टमध्ये मेल आली की आपल्या तक्रारीचं निवारण झालं असून आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल ते खाली दाबून कळवा. तिनं खाली जाऊन पाहिलं. तारेही ग्राफिक होते.

मार्गदर्शक बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मग कुणाकडून वाचून घे ना. इतकी वर्षं तसंच करत होतीस की."

असं बोलणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या. घरी जेवताना उत्तरेश्वरही तेच म्हणाले.

"आधी माणसंच वाचून दावत हुती की तुला. मशीन बंद पडलं म्हून एवढं कशापायी?"

मुक्ताईनं भाकरीचा तुकडा ताटात टाकला. "अण्णा, तुम्ही पुण्यात आलात तेव्हा बसच्या पाट्या वाचता येत नव्हत्या ना तुम्हाला?"

"न्हवत्या येत. मग शिकलो."

"समजा उद्या सगळ्या पाट्या काढून टाकल्या. आणि म्हणाले, कशाला पाहिजेत, विचारा कुणालाही."

उत्तरेश्वर जेवता जेवता थांबले. "इचारलं तर सांगत्यात माणसं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "पर समदीच खरं सांगत न्हाईत. मला एकानं हडपसरला धाडलं हुतं. रातभर तिथंच बसलो." आणि सुंदराबाईला म्हणाले, "वाढ तिला. पोरगी बराबर बोलती."

त्यानंतर घरात तो प्रश्न कुणी विचारला नाही. पण त्यानं कोश काही बोलू लागला नाही.

प्रबंधाची मुदत जवळ येत होती. मुक्ताईनं मुदतवाढीचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला होता, सही बाकी होती. तशात कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरून समिती येणार असं ठरलं आणि सगळीकडे रंगरंगोटी सुरू झाली. एके सकाळी प्राचार्यांच्या ऑफिसातून निरोप आला की मुक्ताई तांदळे यांनी ग्रंथालयात अकरा वाजता थांबावं. तिला वाटलं, सही झाली.

ग्रंथालयात फोटोग्राफर होता. त्यानं तिला संगणकासमोर बसवलं, हेडफोन घालायला दिला.

"मॅडम, थोडं हसा. स्क्रीनकडे बघा."

"कुठे आहे?"

त्यानं दोन बोटांनी तिची हनुवटी धरून डावीकडे वळवली. "अस्सं. आता कीबोर्डवर हात. वाचताय असं दाखवा."

सवयीनं तिनं बाण दाबला. कानात आवाज म्हणाला, "ग्राफिक." फोटोग्राफर म्हणाला, "छान, अजून एक." तिनं पुन्हा दाबला. "ग्राफिक." तिला हेडफोन काढून भिरकावावासा वाटत होता. पण प्राचार्य तिथेच दाराशी उभे होते, कुणाशी तरी बोलत होते, आणि अर्ज त्यांच्या टेबलावर होता. ती बसून राहिली. अर्धवट हसलीसुद्धा.

तो फोटो समितीसाठी काढलेल्या पत्रकावर छापला गेला. मुखपृष्ठावर मुक्ताई आणि खाली 'सर्वांसाठी खुलं डिजिटल ग्रंथालय'. सोहोनी सरांनी ते तिला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात नेहमीचा कोरडेपणा नव्हता. ग्रंथालय समितीच्या बैठकीत त्यांनी तिची अडचण मांडली होती. सगळ्यांनी मुद्दा फार महत्त्वाचा आहे असं म्हटलं, इतिवृत्तात नोंदवला, आणि पुढच्या तीन वर्षांची वर्गणी मंजूर केली. अर्जावर मात्र सही झाली होती. सहा महिने मिळाले.

सहा महिन्यांत शेवटची दोन प्रकरणं लिहायची, आणि त्यांना लागणाऱ्या नोंदी त्या फोटोंमध्ये अडकलेल्या. दुसरा मार्ग नव्हता. एका शुक्रवारी मुक्ताई सदाशिव पेठेतल्या त्या जिन्यापाशी आली. दीडेक वर्षात ती इकडे फिरकली नव्हती. दिवाळीला फोन केला होता, तेवढंच. जिना चढताना तिनं मनात दोन-तीन वाक्यं जुळवली.

काकूंनी दार उघडलं. "मुक्ता? ये."

"काकू, मशीन वाचत नाही आता."

"हो का," काकू म्हणाल्या. "चहा टाकते."

जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. चहा पिऊन झाल्यावर तिनं सगळं सांगितलं. कोश फक्त ग्रंथालयातच उघडतो, तेव्हा तिकडे यावं लागेल, हेही सांगितलं. काकू म्हणाल्या, "सोमवारपासून येते. गुडघा दुखतो, रिक्षानं येईन."

सोमवारी नवीच अडचण. बाहेरच्या माणसाला ग्रंथालयात प्रवेश नव्हता. सोहोनी सरांनी तात्पुरतं कार्ड काढलं. "विद्यार्थ्याशी नातं काय लिहू?"

"शेजारी लिहा," काकू म्हणाल्या.

"सदाशिव पेठेतले शेजारी कात्रजला राहतात. चांगलं आहे," सर म्हणाले आणि लिहिलं. वाचनकक्षात मोठ्यानं वाचायला मनाई होती, तेव्हा त्यांनी मागची खोली उघडून दिली. तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. पंखा करकरत होता आणि धुळीनं काकूंना शिंका येत. पण संगणकाची तार तिथपर्यंत पोचली.

पहिले काही दिवस बरे गेले. काकूंचा आवाज थोडा थकला होता, श्वास मध्येच तुटत होता, पण उच्चार तसेच स्वच्छ. मग एके दुपारी, मुक्ताईच्या वादाचा कणा जिथे होता नेमक्या त्याच वाक्याशी, काकू म्हणाल्या, "तळटीप आहे, सोडते."

"सोडू नका."

"नुसती नावं आहेत गं. पुस्तकांची."

"मला नावंच पाहिजेत."

"पुढचा परिच्छेद महत्त्वाचा आहे. तो आधी..."

"काय महत्त्वाचं ते तुम्ही कशाला ठरवता?" मुक्ताईचा आवाज चढला. "माझं बी.ए. होण्याच्या आधीपासून तुम्ही सोडताय. मशीन सोडत नव्हतं, काकू. मशीनला मी काही म्हटलं नव्हतं तरी ते सोडत नव्हतं."

पंखा करकरत राहिला. काकूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. आता त्या उठून जाणार, असं मुक्ताईला वाटलं, आणि त्या क्षणी तिला त्याचं काही वाटलंही नाही, इतकी ती संतापली होती.

"मला ती वाचता येत नाहीत," काकू म्हणाल्या.

"काय?"

"टिपा. त्यांत जर्मन असतं, लॅटिन असतं. अक्षरांवर टिंबं असतात, रेघा असतात. मी बँकेत होते मुक्ता. मला बँकेचं इंग्रजी येतं. मी काहीतरी उच्चार करायचे, तू तेच लिहायचीस आणि तिकडे बाईंसमोर बोलायचीस, आणि तुला हसले असते सगळे. त्यापेक्षा सोडलेलं बरं, असं वाटायचं."

"मग मला तसं सांगायचं ना."

"तू सतरा-अठरा वर्षांची होतीस. काकूंना फार इंग्रजी येतं असं सगळीकडे सांगत फिरायचीस. माझ्या कानावर यायचं ते. मला बरं वाटायचं ऐकून."

मुक्ताईचा राग गेला नव्हता. एवढी वर्षं एका माणसाच्या संकोचापायी आपले संदर्भ गेले, हे तिला गिळवत नव्हतं. पण सोमवार ते शुक्रवार दुखऱ्या गुडघ्यानं रिक्षातून येऊन धुळीत बसणारी ही बाई तिला परकीही वाटेना.

"अक्षरं सांगता येतील?" तिनं शेवटी विचारलं. "उच्चार नको. एकेक अक्षर सांगा. मी टाइप करते."

काकूंनी चष्मा लावला. "एस," त्या म्हणाल्या. "सी. एच. ओ. थांब, ओच्या डोक्यावर दोन टिंबं आहेत."

"लिहिलं. पुढे."

तसं काम सुरू झालं. मशीन जी टीप श्वास न घेता वाचून टाकत असे, तिला आता पाव तास लागे. एका दुपारी कसंबसं एक पान होई. मधूनच काकूंची ओळ चुके, मग मागे जायचं. कधी मुक्ताई तडकून बोले, कधी काकू म्हणत, "ओरडू नकोस, मी काही तुझं मशीन नाही." मग पुन्हा त्याच अक्षरापासून सुरुवात. काकूंना खोकला लागला की मुक्ताई बाहेर जाऊन पाणी आणी. या खटाटोपाची मुळात काहीच गरज नव्हती, हा विचार तिच्या डोक्यातून कधीच हटला नाही. कुठेतरी कुणीतरी एक बटण दाबलं असतं तर काकू घरी आरामात बसल्या असत्या.

प्रबंध मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात दाखल झाला. एक प्रकरण तिच्या मनासारखं झालं नाही, ते तिनं स्वतःच बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "दे आता." पुढे मौखिक परीक्षा झाली, पदवी मिळाली. दोन वर्षं तासिकेवर शिकवल्यावर तिला विश्रांतवाडीकडच्या एका कॉलेजात नोकरी लागली. कात्रजहून ते दुसरं टोक. तिनं तिकडेच खोली घेतली.

नोकरीच्या पहिल्या वर्षी सोहोनी सरांचा फोन आला. ते निवृत्तीच्या तयारीत होते.

"तांदळे, तुमचा कोश बोलायला लागलाय."

"म्हणजे?"

"एक मुलगा आलाय बी.ए.ला, तुमच्यासारखाच. त्यानं हेडफोन लावला आणि वाचत बसलाय. मी मुद्दाम खात्री केली. मजकूर परत आलाय. कधी आला, कुणालाच ठाऊक नाही. आपल्याला काही कळवलेलं नाही."

मुक्ताई खुर्चीवर बसली. आपल्याला आनंद व्हायला हवा होता, असं तिला वाटलं. तो झाला नाही. म्हणजे करता येत होतं. सगळं करता येत होतं आणि केलं नाही, आणि मग केलं तेव्हा कुणी एक ओळ लिहिली नाही.

"त्या मुलाला माझा नंबर द्या," ती म्हणाली. "पुन्हा बंद पडलं तर काय लिहायचं ते मी सांगेन."

"दिलाय," सर म्हणाले.

त्याच सुमारास तिच्या नव्या कॉलेजनंही असाच एक संग्रह घ्यायचं ठरवलं. कंपनी वेगळी, आणि विकायला आला आमोदच. त्यानं नोकरी बदलली होती. "मॅम, या वेळी आधी तुम्ही बघा, मग मी बाकीच्यांना दाखवतो," तो म्हणाला. तिनं दोन आठवडे तपासलं. नोंदी वाचल्या जात होत्या. टिपा मात्र छोट्या चौकटींमध्ये उघडत, आणि तिचं सॉफ्टवेअर त्या चौकटींत शिरत नव्हतं. तिनं ते सांगितलं. आमोदनं सगळं लिहून घेतलं आणि मग जरा चाचरत म्हणाला, "वर सांगतो मॅम. पण ते विचारतात, असे यूजर किती आहेत म्हणून."

"त्यांनी मोजलेत का?"

"नाही."

"मग त्यांना सांगा, मोजल्याशिवाय आकडा विचारू नका."

मुक्ताई तिथल्या ग्रंथालय समितीवर होती. बैठकीत सगळ्यांना संग्रह हवा होता. मुलांना उपयोगी होता यात शंका नव्हती. मुक्ताईनं अडवलं असतं तर कदाचित तो आलाच नसता, आणि शेकडो मुलामुलींनी तिच्या नावानं बोटं मोडली असती. टिपा सहा महिन्यांत दुरुस्त कराव्यात अशी अट करारात घालावी, असा तिनं आग्रह धरला. अट घातली गेली, पण 'शक्यतो' हा शब्द जोडून. तो काढायला कंपनी तयार होईना आणि बाकीचे सदस्य घड्याळ पाहू लागले. शेवटी मुक्ताईनंही होकार दिला. सही करताना कागद कुठे संपतो ते कुणीतरी तिचं बोट धरून दाखवावं लागलं.

ती संध्याकाळ वाईट गेली. काकूंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "शक्यतो म्हणजे नाहीच गं. बँकेत आम्ही हाच शब्द वापरायचो."

"माहीत आहे मला," मुक्ताई म्हणाली, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी पहिला तास आठला होता. ती सातलाच विभागात पोचली, लॅपटॉप उघडला आणि कंपनीला पहिली तक्रार लिहिली. कोणत्या नोंदीतली कोणती टीप उघडत नाही, उघडायला हवी ती कशी, सगळं. एक प्रत आमोदला, एक प्राचार्यांना. मग पांढरी काठी उचलली आणि वर्गाकडे निघाली. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता आणि तिथला गोंगाट जिन्यातूनच ऐकू येत होता.